३५ एमएमवरून १६×२० ची प्रिंट काढायची, तर कॅमेरा बदलावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे ३५ एमएमचा एसएलआर आणि ५० एमएमची लेन्स आहे. रोल एचपी५ प्लस (४०० स्पीडची कृष्णधवल फिल्म), धुलाई घरीच, प्रिंट ८×१० इंचांच्या. काकांच्या जुन्या ६×६ (सेंटिमीटर) निगेटिव्हची ८×१० त्याच एन्लार्जरवर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रावर), त्याच कागदावर काढली, तर ती तुमच्या प्रिंटपेक्षा कितीतरी स्वच्छ आणि भरीव दिसली. आता प्रदर्शनासाठी १६×२० च्या बारा प्रिंट्स हव्यात. मिडियम फॉरमॅट (६×६ सारख्या मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा) घ्यावा, थेट ४×५ इंचांकडे जावं, की आहे त्यावर भागेल, असं तुम्ही विचारलंय.

फॉरमॅटचं नाव क्षणभर बाजूला ठेवा आणि एकच आकडा काढा: निगेटिव्ह किती पट मोठी होणार आहे. ३५ एमएमची चौकट २४×३६ मिमी. ८×१० कागदाची लहान बाजू २०३ मिमी, म्हणजे साडेआठ पट. शिवाय लांबीतली सहा मिमी फिल्म कापली जाते ती वेगळीच. ६×६ ची चौकट प्रत्यक्षात ५६×५६ मिमी असते. ती कापून ८×१० भरली तर साडेचार पट. तुम्ही ज्या दोन प्रिंट्स शेजारी ठेवल्या त्यांच्यात जवळजवळ दुपटीचा फरक होता, तो डोळ्यांना दिसणारच.

हाच हिशेब १६×२० साठी करू. ३५ एमएम १७ पट, ६४५ (६×४.५ सेंटिमीटर) जवळजवळ दहा पट, ६×६ कापून नऊ पट, ६×७ सव्वासात पट, ४×५ इंचांची शीट फिल्म सव्वाचार पट. नीट पाहिलंत तर ६×६ वरून काढलेली १६×२० ही तुमच्या आजच्या ८×१० च्याच पंक्तीत बसते. म्हणजे नुसता ६×६ कॅमेरा घेतल्याने काकांच्या ८×१० मधला गुळगुळीतपणा १६×२० वर येणार नाही. तुमची आजची ८×१० ज्या दर्जाची आहे, साधारण तोच दर्जा दुप्पट आकारावर मिळेल. हे आधी समजून घेतलं नाही तर कॅमेरा आणल्यावर मोठी निराशा होते.

पट वाढली की काय काय बिघडतं ते सांगतो, कारण उपाय त्यातूनच निघतात.

ग्रेन, म्हणजे फिल्मच्या चांदीच्या कणांचा दाणेदारपणा, सगळ्यांच्या लक्षात येतो. १३५ (३५ एमएमचा रोल) आणि १२० (मिडियम फॉरमॅटचा रोल) मधल्या एचपी५ चं इमल्शन एकच, बेस मात्र वेगळा: १३५ ला ०.१२५ मिमीचा, १२० ला ०.११० मिमीचा असेटेट, शीटला ०.१८० मिमीचा पॉलिएस्टर. ग्रेन फिल्मवर तेवढाच असतो, कागदावर तो पटीच्या हिशेबाने दिसतो. म्हणून फिल्म बदलणं हासुद्धा एका अर्थी फॉरमॅट बदलण्यासारखाच उपाय आहे. कोडॅकच्या माहितीपत्रकात ट्राय-एक्स ४०० ची ग्रॅन्युलॅरिटी (ग्रेनचं माप) १७ आणि टी-मॅक्स १०० ची ८ दिली आहे. ढोबळमानाने ग्रेन निम्मा. ग्रेनपुरतं बोलायचं तर ३५ एमएमवरची टी-मॅक्स १०० ही ६×७ वरच्या ट्राय-एक्सच्या जवळपास जाते.

ग्रेनपेक्षा महत्त्वाची गोष्ट बारीक तपशिलाच्या काँट्रास्टची आहे, आणि काकांच्या प्रिंटमधला ‘भरीवपणा’ मुख्यतः तिथून येतो. २५ सेंटिमीटरवरून प्रिंट पाहताना साधारण डोळा एका मिलिमीटरमध्ये पाच-सहा काळ्यापांढऱ्या रेषाजोड्या वेगळ्या ओळखतो. प्रिंटवर पाच जोड्या हव्या असतील, तर साडेआठ पटीसाठी निगेटिव्हवर मिलिमीटरमागे ४२ जोड्या लागतात, साडेचार पटीसाठी २२ पुरतात. चांगली लेन्स एफ ८ ला २० जोड्यांचा काँट्रास्ट ८० टक्क्यांच्या आसपास टिकवते. ४० जोड्यांवर तो ५०–६० टक्क्यांवर येतो, आणि त्यात फिल्मची घट आणखी वेगळी. तपशील दोन्ही प्रिंट्समध्ये असतो. पण एकीत तो ठसठशीत दिसतो, दुसरीत राखाडी होऊन बसतो. साडीचं पोत, दगडाची खडबड, चेहऱ्यावरच्या सावलीतले हलके टप्पे यांत हे आधी दिसतं. ग्रेन अजिबात न दिसणाऱ्या आकारातसुद्धा मोठ्या निगेटिव्हची प्रिंट वेगळी वाटते ती याचमुळे.

आता १७ पट घ्या. प्रिंटवर पाच जोड्यांसाठी निगेटिव्हवर ८५ लागतील. टी-मॅक्स १०० ची क्षमता कागदोपत्री २०० जोड्या आहे खरी, पण ती १०००:१ इतक्या काँट्रास्टच्या चाचणीपट्टीवर. १.६:१ काँट्रास्टवर त्याच फिल्मचा आकडा ६३ आहे. पानं, कापड, त्वचा, भिंतीचा गिलावा ही खऱ्या जगातली पोतं या दुसऱ्या आकड्याच्या जवळची असतात. त्यामुळे १७ पटीत विजेच्या तारा आणि दुकानाच्या पाट्यांवरची अक्षरं धारदार राहतील, पण हलकी पोतं विरतील, कॅमेरा आणि लेन्स कितीही भारी असली तरी.

तिसरी गोष्ट चुकांची. धुळीचा कण, ओरखडा, हाताचा कंप, फोकसमधली थोडीशी चूक, हे सगळं त्याच पटीने मोठं होतं. ८×१० वर जेमतेम दिसणारा कण १६×२० वर चार पट क्षेत्रफळाचा ठिपका होऊन बसतो, आणि स्पॉटिंगच्या (प्रिंटवरचे ठिपके रंगाने भरण्याच्या) ब्रशने बारा प्रिंट्स दुरुस्त करणं हे मोठंच काम आहे.

पट कमी असली की किती काही खपून जातं याचा पुरावा आपल्याकडे घराघरात आहे. जुन्या अल्बममधले छोटे चौकोनी कृष्णधवल फोटो काढून बघा. त्यांतले पुष्कळसे आग्फाच्या क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यांवर, १२० च्या रोलवर ६×६ मध्ये काढलेले आणि निगेटिव्ह कागदावर ठेवून काँटॅक्ट प्रिंट केलेले असतात. पट एक, म्हणून अगदी साध्या लेन्सचा फोटोही लखलखीत दिसतो. तीच निगेटिव्ह ८×१० ला मोठी केली की कडा विस्कटतात. फॉरमॅट मोठा असूनही लेन्स सामान्य असेल तर साडेचार पटीतच तिची मर्यादा उघडी पडते. स्वस्तातला जुना १२० चा कॅमेरा घेताना हे ध्यानात ठेवा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. फॉरमॅटचा फायदा पूर्ण मिळतो तो ट्रायपॉडवर. कारण डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे किती खोली फोकसमध्ये राहते ते. ३५ एमएमवर ५० ची लेन्स, तर ६×६ वर ८० ची आणि ४×५ वर १५० ची लेन्स साधारण तेवढंच दृश्य घेते. पण ३५ एमएमला एफ ८ वर जेवढी खोली फोकसमध्ये येते, तेवढी ६×६ ला आणण्यासाठी पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) अ‍ॅपर्चर बंद करावं लागतं, ४×५ ला साडेतीन स्टॉपहून जास्त. १/१२५ सेकंदाचं एक्स्पोजर ६×६ वर १/४० च्या आसपास जातं आणि ४×५ वर १/१०. समोर देऊळ, वाडा, डोंगर असेल तर काहीच बिघडत नाही. समोर बाजार किंवा वारी असेल तर एकतर लोक हलतात किंवा फिल्म पुश करावी लागते (स्पीड जास्त धरून जास्त डेव्हलप करावी लागते), आणि ४०० ची फिल्म १६०० ला ढकलली की मोठ्या निगेटिव्हचा निम्मा फायदा तिथेच संपतो. तुम्ही विषय लिहिलेला नाही, म्हणून दोन्ही बाजू मांडल्या.

(छोट्या अ‍ॅपर्चरने होणाऱ्या विवर्तनाची, म्हणजे उजेड पसरून चित्र मऊ होण्याची, भीती पुष्कळांना असते. खोली सारखी ठेवली, तर त्याचं नुकसान प्रिंटवर सगळ्या फॉरमॅट्सना जवळपास सारखंच होतं. ४×५ वर एफ २२ किंवा एफ ३२ बिनधास्त वापरा. ३५ एमएमवरून १७ पट करायची असेल तर मात्र एफ १६ टाळा.)

पाहण्याचं अंतरही धरा. १६×२० ची प्रिंट भिंतीवर असेल तर लोक साधारण ६०–७० सेंटिमीटरवर उभे राहतात, तिथून डोळ्याला दोन-अडीच जोड्या पुरतात आणि १७ पटही चालून जाते. पण प्रदर्शनाला फोटोग्राफर येतात, आणि फोटोग्राफर नाक कागदाला लावूनच बघतात. माझ्या अंदाजाने एचपी५ किंवा ट्राय-एक्स आठ पटीपर्यंत कुणालाही आवडेल, बारापर्यंत ग्रेन हा चित्राचा भाग म्हणून शोभतो, त्यापुढे विषयच तसा हवा. एफपी४ प्लस (१२५ स्पीडची, जास्त बारीक ग्रेनची) दहा-बारा पटीपर्यंत निर्धास्त जाते. टी-मॅक्स १०० आणि डेल्टा १०० चौदा-पंधरापर्यंत, पण ट्रायपॉडवर आणि अचूक फोकस असेल तरच.

खर्च करण्याआधी मात्र एक शोध घ्या: आज तुमच्या ३५ एमएममधून जे मिळायला हवं ते मिळतंय का? ग्रेन फोकसर (प्रक्षेपित प्रतिमेतला ग्रेन मोठा करून दाखवणारं भिंग) हे साधन यासाठी सर्वांत उपयोगी. एन्लार्जरचं डोकं १६×२० च्या उंचीला न्या आणि प्रतिमा फोकसरमधून मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत बघा. ग्रेन सगळीकडे टोकदार दिसतोय पण चित्रातला तपशील मऊ आहे, तर दोष कॅमेऱ्याच्या वेळचा: हात हलला किंवा फोकस चुकला. मध्यभागी ग्रेन टोकदार, एका बाजूच्या कोपऱ्यांत नाही, तर एन्लार्जर तिरका आहे. सुरुवातीला सगळीकडे टोकदार आणि दिवा मिनिटभर चालू राहिल्यावर मध्यभाग गेला, तर निगेटिव्ह उष्णतेने फुगतेय. आणि कोपरे चारही सारखेच मऊ, तर एन्लार्जरच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं आहे किंवा ती लेन्स मुळात कमकुवत आहे. बहुतेक वेळा ‘३५ एमएम कमी पडतं’ या तक्रारीमागे यातलंच एखादं कारण निघतं.

तिरकेपणासाठी: उजेडाने पूर्ण काळी झालेली निगेटिव्ह घ्या, सुईने मध्ये आणि चार कोपऱ्यांत फुल्या ओरखडा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून प्रक्षेपित करा. पाचही फुल्या एकदम टोकदार होत नसतील तर निगेटिव्ह कॅरिअर, लेन्सबोर्ड आणि खालचा पाट हे तिन्ही समांतर येईपर्यंत स्क्रू फिरवा किंवा कागदाच्या घड्या घाला. प्रिंट काढताना एफ २.८ ची लेन्स एफ ८ ला बंद करा. फुगण्यावर इलाज काचेचा कॅरिअर, वरची काच अँटी-न्यूटन, नाहीतर तेलासारखी इंद्रधनुषी कडी उमटतात. काच घातली की धुळीला चार जादा पृष्ठभाग मिळतात, तेवढं पुसणं वाढतं.

साडेआठवरून १७ पटीला गेलात की उजेड सुमारे ३.६ पट कमी होतो. ८×१० ला १० सेकंद लागत असतील तर १६×२० ला ३६ सेकंद धरा. तेवढा वेळ पंख्याने किंवा पावलांनी टेबल हलता कामा नये. काँट्रास्टही किंचित पडतो, म्हणून कागदाच्या काँट्रास्टचा अर्धा ग्रेड वर जाऊन चाचणीपट्टी काढा. आणखी एक अडचण उंचीची: ५० च्या लेन्सने १७ पट करायला निगेटिव्हपासून कागदापर्यंत जवळपास ९५ सेंटिमीटर लागतात. छोट्या एन्लार्जरचा खांब तिथवर पोचत नाही. मग डोकं उलटं फिरवून पाटावर वजन ठेवायचं आणि जमिनीवर प्रक्षेपित करायचं, आणि समांतरपणा पुन्हा तपासायचा.

निगेटिव्ह धुण्याबद्दल दोनच गोष्टी, कारण ३५ एमएममध्ये त्या फार जाणवतात. एक, जादा एक्स्पोजर आणि जादा डेव्हलपिंग दोन्ही ग्रेन वाढवतात. आयडी-११ डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळून (१+१) २० अंशांना एचपी५ १३ मिनिटं, एफपी४ ११ मिनिटं. पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा टाकी उलटवायची, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच. दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर जातं. डेव्हलपर बर्फाच्या टबात ठेवून २० ला आणला आणि फिक्सर नि धुण्याचं पाणी मात्र ३२ अंशांचं, तर इमल्शन एकदम फुगतं आणि ग्रेन उगाच खरखरीत होतो. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणीसुद्धा दोन-तीन अंशांच्या फरकात ठेवा. ते जमत नसेल तर सगळंच २४ ला चालवा आणि वेळ कमी करा. फक्त डेव्हलपिंगचा वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, तिथे डाग आणि पट्टे पडतात.

एवढं जुळलं की एक स्वस्त चाचणी करा. एफपी४ चा एक रोल, कॅमेरा ट्रायपॉडवर, केबल रिलीज, सोय असेल तर आरसा आधी वर केलेला, एफ ८. तुमच्या नेहमीच्या विषयाचा फोटो काढा. डोकं १६×२० च्या उंचीला नेऊन ८×१० च्या कागदावर फक्त मध्याचा एक आणि कोपऱ्याचा एक तुकडा प्रिंट करा. दोन्ही तुकडे भिंतीला लावा आणि आठवडाभर येताजाता बघा. १६×२० चा एकही कागद वाया न घालवता उत्तर मिळतं.

तुकडा आवडला तर नवा कॅमेरा नको. थोडाच कमी वाटला तर मधला रस्ता आहे, आणि तो प्रदर्शनात उलट देखणा दिसतो: ११×१४ ची प्रिंट १६×२० च्या फ्रेममध्ये चारही बाजूंना अडीच-तीन इंचांचं माउंट सोडून लावायची. पट १७ वरून साडेअकराच्या आसपास येते. एफपी४ ला ती सोपी आहे, एचपी५ ला ग्रेन दिसेल पण शोभेल. हातात धरून काढलेल्या, माणसांच्या फोटोंसाठी मी हाच रस्ता सुचवेन.

तुकडा अगदीच पसंत पडला नाही, विषय स्थिर आहेत आणि ट्रायपॉड नेण्याची तयारी आहे, तर १२० कडे जा. ६×६ की ६×७ हे तुम्ही फ्रेम कशी बांधता यावर ठरतं. चौकोनी चित्र चौकोनीच ठेवून १६×१६ काढणार असाल तर ६×६ सव्वासात पटीतच राहते, म्हणजे ६×७ वरच्या १६×२० एवढीच. पण दर वेळी कापून आयत करणार असाल तर चौकटीचा पाचवा हिस्सा टाकून देताय आणि पट नऊवर जाते. १२० च्या एका रोलवर ६×६ चे १२, ६×७ चे १० फोटो मिळतात, हाही खर्चात धरा. बारा प्रिंट्सच्या १६×२० साठी ४×५ घ्यावा असं मला वाटत नाही. सव्वासातवरून सव्वाचारवर आल्याने फरक नक्की दिसतो, पण त्यासाठी १५० एमएमची लेन्स आणि ४×५ चा एन्लार्जर लागेल, आणि शीट फिल्म एकेक करून हाताळताना सुरुवातीला धूळ नि ओरखडे फार येतात. एकाच भिंतीवर १७ पटीची एचपी५ आणि सव्वासात पटीची एफपी४ शेजारी लावू नका, लहानीचे दोष मोठीमुळे उठून दिसतात.

एन्लार्जरऐवजी फ्लॅटबेड स्कॅनरवरून प्रिंट काढणार असाल तर १२० चा फायदा आणखी वाढतो. अशा स्कॅनरवर ६४०० लिहिलेलं असलं तरी खरा तपशील साधारण २३०० पीपीआयच्या (इंचामागे पिक्सेल) आसपास मिळतो. त्या हिशेबाने ३५ एमएमच्या लहान बाजूवर सुमारे २१७० पिक्सेल, म्हणजे ३०० पीपीआयला जेमतेम सात इंच. ६×६ वर तीच बाजू सतरा इंचांजवळ जाते.

जुना १२० चा कॅमेरा हाती आला की लेन्सच्या काचेत बुरशी आहे का आणि १/१५ च्या खालचे वेग अडकतात का, हे बघा. ट्विन लेन्स (वरून बघायची आणि खालून फोटो काढायची अशा दोन लेन्सचा कॅमेरा) असेल तर मागचं झाकण उघडून फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून लावा, शटर बी वर (दाबून ठेवेपर्यंत उघडं राहणाऱ्या वेगावर) उघडं ठेवा, आणि वरच्या काचेवर एक मीटरवरची वस्तू फोकस केल्यावर खालीही तीच टोकदार येते का ते तपासा. दोन लेन्स जुळत नसतील तर फॉरमॅटने मिळवलेलं सगळं तिथे जातं.

आणि एन्लार्जर. तुमचा ६×६ घेतो हे काकांच्या निगेटिव्हवरून कळतंच, पण ती प्रिंट ५० च्या लेन्सने काढली असेल तर तिचे कोपरे पुन्हा बघा, ते अंधारलेले आणि मऊ असतील. ६×६ ला ७५ किंवा ८० ची लेन्स लागते, ६×७ ला ९० ची, आणि कंडेन्सरही (दिव्याचा उजेड निगेटिव्हवर सारखा पाडणारी भिंगं) त्या आकाराचा बसवावा लागतो. ६×७ ची चौकट तुमच्या कॅरिअरमध्ये मावते का, हे पट्टीने मोजल्याशिवाय ६×७ चा कॅमेरा घेऊ नका. मावत नसेल तर ६×६ घ्या, चौकोनात फ्रेम बांधा, आणि वाचलेल्या पैशांत ८० ची चांगली एन्लार्जर लेन्स घ्या.